मिठाचं पाणी वाफ्यात नको

तण मारायला मिठाचं पाणी शिंपडा, असं कुणी कुणी सुचवतात. कृपया वाफ्यात तरी करू नका. तण जळतं हे खरं, पण मीठ मातीतच राहतं आणि पुढे तिथे लावलेलं रोपही जीव धरत नाही.

लव्हाळा या गवतासारख्या तणाची पाती ओढून काढण्यात अर्थ नाही, खालच्या गाठी पुन्हा फुटतात. माती ओलसर असताना खुरप्याने गाठीसकट उकरा, आणि ते कंपोस्टमध्ये टाकू नका. बाकीची तणं फुलोऱ्याआधी उपटून वर दोन-तीन इंच पाचोळा पसरला की बरंच भागतं. फक्त खोडाभोवती जागा मोकळी सोडा, नाहीतर ते कुजतं.

माव्यावर (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) साबणाचं सौम्य पाणी चालतं, पण थेट अंगावर पडलं तरच. म्हणून पानांच्या खालून, संध्याकाळी फवारा. त्याआधी पान उलटून बघाच. काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतील तर त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या. मावा फस्त करतात बिचाऱ्या, आणि लोक आधी त्यांनाच चिरडतात! झाडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करा. माव्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याची राखण करतात.