वाफे-रांगा न आखता मागच्या अंगणात भाजी आणि फुलं एकत्र: सुरुवात कशी करावी?

अंगणवेल (प्रश्न)

पुण्यात रो-हाऊसच्या मागे 8 × 14 फुटांची मोकळी जागा आहे. 14 फुटांची एक बाजू घराची भिंत, समोर साडेचार फुटी कंपाउंड. एप्रिलमध्ये साधारण 11 ते 3 थेट ऊन, बाकी वेळ शेजारच्या इमारतीची सावली. वर वीतभर मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा, खाली काळी माती. पाणी बोअरचं, भरपूर क्षारांचं.

देता येण्यासारखा वेळ आठवड्याला दोन तास. आखीव वाफे, दर पंधरवड्याला फवारणी, सगळं वेळापत्रकावर, असलं नको आहे. रोजच्या स्वयंपाकात थोडी भर पडावी, पूजेला चार फुलं मिळावीत आणि जमेल तेवढं आपोआप उगवत राहावं. प्रश्न तीन:

1. जागा खणून घ्यावी का?
2. एकदा लावलं की टिकेल किंवा परत परत येईल असं काय?
3. अशी मोकळी सोडलेली बाग म्हणजे उंदीर-डासांना आमंत्रण नाही ना?

---

खुरपं

खणू नका. विटांचे तुकडे, तारा, सिमेंटचे गोळे हाताला लागतील तेवढे वेचून काढा, बाकीचं राहू दे. राडारोड्यातल्या सिमेंट-चुन्यामुळे वरचा थर अल्कधर्मी झालेला असतो आणि बोअरचं पाणी त्यात भरच घालतं. अशा मातीत कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. खत वाढवून हा पिवळेपणा जात नाही. म्हणून खाली खणण्याऐवजी वर थर चढवायचे.

एप्रिल-मे हीच त्याची वेळ. आधी सगळीकडे भरपूर पाणी मारा. त्यावर खोक्यांचा जाड पुठ्ठा अंथरा. चिकटपट्ट्या आणि पिना काढा, चकचकीत छपाईचा पुठ्ठा वापरू नका. कडा एकमेकींवर वीतभर चढवा, नाहीतर हरळी आणि लव्हाळा नेमका त्या फटीतून वर येतो. (लव्हाळा पुठ्ठ्यालाही भोकं पाडतो. तो दिसेल तेव्हा उपटत राहायचं, दुसरा इलाज नाही.) पुठ्ठा चिंब भिजवून त्यावर 8 इंच सुका पाला पसरा, दर दोन-तीन इंचांवर शेणाचं पाणी शिंपडा, 10 लिटरला 1 किलो ताजं शेण या मापाने. सर्वांत वर 2 इंच कुजलेलं शेणखत. तुमच्या जागेत चालायची वाट सोडली तर साधारण 90 चौरस फूट उरतात. त्याला पाल्याची दाबून भरलेली 20 ते 25 पोती आणि शेणखताची सहाएक पोती लागतील. सोसायटीतला झाडलेला पाला चालतो, फक्त निलगिरीचा नको. आंब्याचा पाला कुजायला वेळ घेतो, तो हाताने चुरून घाला.

शेणखत घेताना मुठीत धरून बघा. वास मातीचा हवा, शेणाचा नको. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते: अर्धचंद्रासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी. ती मुळं खाते आणि वरून हिरवंगार दिसणारं रोप एका दिवसात माना टाकतं. पोतं ओतताना ती दिसली तर वेचा. पक्ष्यांची मेजवानी होते.

जूनपर्यंत हा ढीग खचून चार-पाच इंचांवर येतो. तेव्हा नारळाएवढा खळगा करायचा, त्यात निम्मी माती आणि निम्मं शेणखत भरायचं आणि रोप त्यातच लावायचं. सुका पाला खळग्यातल्या मातीत मिसळू नका. तो कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी वापरतात आणि रोप पिवळं पडतं. तोच पाला वर नुसता पसरलेला असेल तर काही बिघडत नाही.

घराच्या भिंतीपासून फूटभर पट्टी मोकळी सोडा, तिथे खडी किंवा फरशीचे तुकडे टाका. पुठ्ठा आणि ओला पाला म्हणजे वाळवीला ताटच, शिवाय भिंतीला ओल धरते ते वेगळं. आठ फूट रुंदीत एका बाजूने हात पोचतो जेमतेम दोन फूट, त्यामुळे मधे दीड फुटाची वाट ठेवली तरी पलीकडच्या कडा लांबच राहतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन फरशा टाका पाय ठेवायला. एकदा भुसभुशीत झालेली माती तुडवली की पुन्हा खणायची वेळ येते.

आता काय लावायचं ते. चार तासांच्या उन्हात फळभाज्यांचा नाद कमी करा, त्यांना सहा तास लागतात. अळू, मायाळू, माठ, पुदिना, पानओवा, गवती चहा, हळद आणि आलं एवढ्या उन्हात छान होतात. अळूचे कंद सर्वांत ओल्या कोपऱ्यात लावा. वडीचा आणि भाजीचा वेगळा मागून घ्या, नाहीतर पान कितीही मोठं झालं तरी वडी घशात खवखवते. (शिजवताना चिंच किंवा आमसूल दोन्हीला लागतंच.) हळद मे अखेरीला लावली की श्रावणात पातोळ्यांना पानं आणि जानेवारी-फेब्रुवारीत कंद. पुदिन्याला मात्र तळ कापलेल्या जुन्या बादलीत, बादलीसकट जमिनीत गाडा. मोकळा सोडलात तर दोन पावसाळ्यांत बाग त्याची.

कढीपत्ता एकच, सर्वांत जास्त ऊन लागणाऱ्या जागी, आणि फक्त त्याच्यासाठी दीड फूट खड्डा घेऊन माती बदला. छातीएवढा झाला की दर वर्षी फेब्रुवारीत शेंडे छाटा, मग बाजूने फुटवे येतात.

आठवड्याला दोन तास पुरतील, पण वर्षातून तीन पूर्ण दिवस काढावे लागतील: मे अखेर, ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर आणि फेब्रुवारीत. छाटणी, पाल्याची भर, इंचभर शेणखत, नवं बी, सगळं त्या दिवसांत. मधल्या काळात खुडणं आणि पाणी, बस्स.

---

बीजराखण

वरचं पटलं. दुसऱ्या प्रश्नात थोडी भर.

आपोआप येणाऱ्या बागेचा पाया म्हणजे बियाणं. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-1' असेल तर त्याचं पडलेलं बी पुढच्या वर्षी आईसारखं निघत नाही. देशी किंवा सुधारित वाण घ्या आणि प्रत्येक भाजीची दोन तगडी झाडं न खुडता बियांवर सोडा. सर्वांत आधी फुलोऱ्यावर येणारं मरतुकडं झाड मात्र राखू नका. लोक नेमकं तेच ठेवतात आणि मग माठ महिन्याभरात फुलावर येतो म्हणून तक्रार करतात.

स्वतःहून परत येणाऱ्यांत माठ, राजगिरा, घोळ, अंबाडी आणि बारका टोमॅटो. चाकवत आणि शेपू थंडीत. माठाचं बी खसखशीएवढं, एका भागाला चार भाग कोरडी वाळू मिसळून फेका, वर माती ओढू नका, हात फिरवून दाबा. जाड आच्छादनातून एवढं बारीक बी वर येत नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी परातीएवढी जागा पाला बाजूला सारून उघडी ठेवा. पाल्याने सगळी जमीन झाकली आणि मग काहीच उगवेना, हा या पद्धतीतला नेहमीचा घोटाळा.

फुलांत तेरडा, गुलबक्षी, सदाफुली, कॉसमॉस, झेंडू. तेरड्याचा रंग तीन दिवस हे खरं, पण त्याची बोंडं हात लागताच फुटून बी हातभर उडतं, पुढच्या जूनला रोपं मोजता येत नाहीत. वीतभर उंचीला विरळणी करा, नऊ इंचांवर एक ठेवा. गुलबक्षीचं बी हुबेहूब मिऱ्यासारखं दिसतं आणि ते विषारी आहे, मूळही. घरात लहान मूल असेल तर भाजीच्या बाजूला लावू नका. अबोली आणि पावसाळी लिली कमी उन्हातही तग धरतात. लिलीचे कंद एकदा लावले की विसरले तरी चालतं.

खतातून आपोआप उगवलेला दुधी, काकडी किंवा दोडका दिसला तर ठेवायला हरकत नाही, पण फळ चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून थुंकून टाका. कडू लागला तर सगळं फळ फेका, वेलही काढा. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. शिजवून कडूपणा जात नाही.

---

चवळीच्या शेंगा

झेंडूबद्दल एक खुलासा, कारण त्याचं फार कौतुक होतं. कडेला चार झेंडू लावून मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले अतिबारीक जंत) जात नाहीत. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याचा परिणाम तो दाट आणि दोन-तीन महिने त्याच जागी असेल तरच दिसतो, मग त्या जागेवर टोमॅटो. चार फुलांचा उपयोग पूजेला आणि टोमॅटोवरची फळं पोखरणारी अळी थोडी तिकडे वळवायला.

मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) पडला की लगेच फवारू नका. शेपू, बडीशेप, कोथिंबीर यांची दोन-चार झाडं फुलोऱ्यावर सोडलेली असली की त्यावर चित्रमाशा (सिरफिड माशा) येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. आठवडाभर थांबा, तोवर बोटांनी चिरडा किंवा पाण्याच्या फवाऱ्याने झाडा. तरी वाढलाच तर 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, त्यात 1 मिली भांड्यांचा द्रव साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला. साबण आधी तेलात घोळवा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात.

आणि भेंडीवर अगदीच फुली मारू नका. चार तासांच्या उन्हात कमी येईल, पण येईल. केवड्याला (शिरा पिवळ्या पडणं) बऱ्यापैकी तोंड देणारा परभणी क्रांती घ्या, फेब्रुवारीत पेरा. पिवळं पडलेलं झाड त्याच दिवशी उपटायचं, पांढरी माशी तो रोग पुढच्या झाडावर नेते. मिरची, कोबी, फ्लॉवर मात्र निवांत बागेची पिकं नव्हेत. मिरचीला चुरडा-मुरडा (पानं आकसून गोळा होणं) लागतोच, मग फवारणी आली.

---

अंगणवेल

फार उपयोगी, धन्यवाद. दोन शंका. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस घर बंद असतं, तेव्हा पाण्याचं काय? ठिबकची टोपणं क्षारांनी बुजतात. आणि ओल्या पाल्यात पावसाळ्यात गोगलगायी होणार नाहीत का?

---

आळंपाणी

पाण्यासाठी मातीचा माठ (मडकं) गाडा, त्यातून पाणी हळूहळू पाझरतं. बिनरंगाचा, आतून-बाहेरून घोटाई किंवा रोगण नसलेला, 5 लिटरचा. आधी पाणी भरून रात्रभर ठेवून बघा. सकाळी बाहेरून दमट लागला तर चांगला, कोरडा ठणठणीत राहिला तर पाझरणार नाही, ठिबकू लागला तर तडा आहे. गळ्यापर्यंत गाडायचा, तोंड दोन बोटं वर. भोवतालची फूटभर माती ओली राहते, म्हणून दोन माठांत दोन-अडीच फूट अंतर. तुमच्या जागेला आठ-नऊ पुरे. रोपं माठापासून वीतभरावर लावा. नुसतं बी पेरून माठावर सोडू नका, वरचा इंचभर थर कोरडाच राहतो, रोप बोटभर होईपर्यंत झारी लागेल.

एप्रिल-मेमध्ये 5 लिटरचा माठ तीन-चार दिवसांत रिकामा होतो. दहा दिवसांसाठी तो एकटा पुरणार नाही. जायच्या आदल्या दिवशी सगळीकडे पोटभर पाणी, माठ काठोकाठ, तीन इंच पाला आणि वरून हिरवी जाळी. अळू तरीही माना टाकेल. कंद जिवंत असतो, परत फुटतो. शेजाऱ्यांना एकदाच, पाचव्या दिवशी, फक्त माठ भरायला सांगा. 'झाडांना पाणी घाला' म्हटलं की वरवर शिंपडलं जातं.

बोअरच्या क्षारांनी माठाची छिद्रंही बुजतात, पण हळूहळू, एक-दोन वर्षांत. पाणी उतरायचा वेग मंदावला की काढून काथ्याने घासा, एक दिवस व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवा. तरी सुधारला नाही तर नवा घ्या. तोंडावर घट्ट झाकण हवंच, खाली कापड. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि अर्धा रिकामा उघडा माठ त्याला उत्तम.

गोगलगायी होणार. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाल्याचा थर इंचभरावर आणा, जास्तीचा कोपऱ्यात ढीग करून ठेवा, ऑक्टोबरमध्ये परत पसरा. खोडाभोवती दोन इंच कायम मोकळे, नाहीतर बुडखा कुजतो. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाटेवर टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्याच्या डब्यात. उघड्या हाताने नको, मोठ्या शंखी गोगलगायींत माणसाला बाधणारे जंत असू शकतात. त्या दिवसांतली पालेभाजी पानन् पान धुऊन, शिजवूनच खा. मीठ थेट मातीवर टाकू नका, तुमच्याकडे क्षार आधीच पुष्कळ आहेत.

उंदरांचं सोपं आहे: शिजलेलं अन्न, पोळीचे तुकडे, तेलकट काही पाल्यात घालायचं नाही. भाजीची सालं चालतात, पण वीतभर खाली गाडून.

---

खुरपं

एक राहिलं. कंपाउंडवर काही चढवायचं असेल तर तोंडली. फळं धरणाऱ्या वेलाचीच पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची कांडी आणा, जूनमध्ये दोन डोळे मातीत जातील अशी लावा. बियांपासून लावाल तर नर वेल निघायची शक्यता असते आणि ते कळायला हंगाम जातो. आधाराला सुतळी नको, पावसाळ्यात कुजून सगळा भार एका रात्रीत खाली येतो. जाड तार किंवा नायलॉनची जाळी लावा. थंडीत वाढ थांबली की वेल दीड-दोन फुटांवर छाटा आणि बुंध्याशी दोन घमेली शेणखत घाला.