अनुभव धागा : बाळाच्या खोलीत काय ठेवलंत, काय काढलंत?

बाळाची चाहूल लागली की घरात सामान येऊ लागतं, आणि शांतपणा पहिला बाहेर जातो. वेगळी खोली असो की बेडरूमचा कोपरा, ती जागा तुम्ही निवांत कशी केलीत? नेमकं लिहा. सुरुवात मी करते.

डोंबिवली, आई
आमचं वन बीएचके. डॉक्टरांनीही पहिले सहा महिने तरी बाळ आमच्याच खोलीत, पण वेगळ्या पाळण्यात झोपवा असं सांगितलं होतं. ड्रेसिंग टेबल आणि कपाटावरच्या बॅगा हलवल्या. राहिलं काय, तर पाळणा, पाजायला हातांची खुर्ची आणि एक ट्रॉली. वरच्या कप्प्यात लंगोट, मधे दुपटी, खाली ओले कपडे टाकायला बादली. रात्री मोठा दिवा न लावता चाचपून लंगोट हाती लागला पाहिजे, एवढ्यावरच सगळी मांडणी केली. झिरोचा बल्ब पाळण्याच्या मागे, खाली लावलाय. बाळाच्या डोळ्यांवर उजेड येत नाही.

सांगली, आजी
लेक बाळंतपणाला आली तेव्हा मागची खोली रिकामी केली. आमच्या वेळी खोलीत शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी असायची. या वेळी धुरी नाही. एवढ्याशा छातीत धूर कशाला? मोहरीची उशीही शिवली नाही. गादी सपाट आणि घट्ट, चादर ताणून खोचलेली, पाळण्यात दुसरं काही नाही आणि बाळ पाठीवर. दुपटी मात्र माझ्या सुती नऊवारीचीच. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची सर नव्या कापडाला नाही. चार पदर, कडेने धावदोरा, आणि दोऱ्याची गाठ पदरांच्या आत. अंगाला टोचता कामा नये.

पुणे, बाबा
रंगाचं कुणीच लिहिलं नाही. नोव्हेंबर 2017 पासून आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त चालत नाही, पण आमची इमारत जुनी, दारांवर आधीचा ऑइलपेंट. तो कोरडा खरवडला तर धूळ खाली बसते, आणि बाळ रांगणार तिथेच. म्हणून ओला करूनच घासायला लावला, तोही बायको माहेरी असताना, आणि खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. भिंती फिकट, चित्र एकच : काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, त्यामुळे भिंतभर कार्टून लावायचा आग्रह मी धरला नाही.

न्यू जर्सी, आई
सासूबाईंनी पाळण्याच्या कठड्याला आतून बांधायला कापसाची मऊ झालर शिवून पाठवली होती. गुदमरण्याच्या भीतीने इथे 2022 च्या कायद्याने अशा झालरी विकायलाच बंदी आहे. त्यांना फोनवर समजावलं, आणि झालर समोरच्या भिंतीवर, पाळण्यापासून लांब लावली. त्या खोलीतला सगळ्यात सुंदर रंग तोच आहे.

नाशिक, होणारी आई
आठवा लागलाय. डासांसाठी काय करता?

डोंबिवली, आई
मच्छरदाणी. तिची कड लोंबू देऊ नका, बाळाच्या हाताला लागणार नाही अशी ताणून बसवा. आणि खिडकीला जाळी आत्ताच करून घ्या, नंतर सुताराची ठोकाठोक नको होते. कॉइल-अगरबत्ती त्या खोलीत अजिबात नको.