फक्त तापमान बघून ओव्हरक्लॉक पक्कं समजू नका

सिनेबेंच ही ताणचाचणी दहा मिनिटं चालवली, तापमान ८२ अंशांपुढे गेलं नाही, म्हणजे प्रोसेसरचा ठरलेल्यापेक्षा वाढवलेला ४.८ गिगाहर्ट्झ वेग (ओव्हरक्लॉक) पक्का झाला, असं तुम्ही म्हणताय. मला नाही पटत. प्रोसेसर थंड असणं वेगळं आणि स्थिर असणं वेगळं. माझं मशीन प्राइम९५ या जड ताणचाचणीवर रात्रभर टिकलं आणि सकाळी नुसता ब्राउझर उघडला तर बंद पडलं! हलक्या कामात वेग आणि व्होल्टेज सतत वरखाली होतात, खरी परीक्षा तिथे असते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी आहेत का ते आधी बघा. मशीन बंद न पडताही तिथे चुका साठत जातात. माझ्याकडे एकोणीस निघाल्या.

आणि व्होल्टेज जपून वाढवा हो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढते. १.२० चे १.३५ व्होल्ट केलेत तर वेग तोच ठेवूनही सुमारे २७ टक्के जास्त. एवढं करून हाती १०० मेगाहर्ट्झ येणार असतील तर मी तरी एक पायरी खाली येईन.

एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कोअरच्या तापमानाचा कमाल आकडा वेगळा बघा. एका बाजूचे कोअर बरेच जास्त तापत असतील तर कूलर काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट कशी पसरली आहे ते तपासा.