इंडिका व्ही2 डिझेल : इंजेक्शन पंप झिरपतोय, उतरवावाच लागेल का?

घाटवाट:
गाडी 2004 ची, 1405 सीसी, बिनटर्बो. नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा पंप मायकोचा (आताची बॉश) रोटरी, व्हीई जातीचा. पंपाची मागची बाजू कायम ओली असते, खालच्या ब्रॅकेटवर थेंब साचतात. रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल मारावा लागतो, पण फिल्टरवरचा हँड प्रायमर दाबला की लगेच सुरू होते. धूर नाही, ओढ नेहमीसारखी. गॅरेजवाले पंप उतरवून पूर्ण ओव्हरहॉल करा म्हणतात. नुसती सीलं बदलून भागेल का? आणि त्यातलं गाडीवरच काय काय करता येतं?

पाना17:
ओढ चांगली आहे, धूर नाही, म्हणजे आतला प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) ठीक दिसतो. ओव्हरहॉलची घाई करू नका. आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा. डिझेल वरून ओघळत खाली येतं, त्यामुळे थेंब जिथे दिसतो तिथे गळती असेलच असं नाही.

पंप ब्रश आणि थोड्या रॉकेलने धुवा, हवा मारून कोरडा करा, सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन दहा मिनिटं आयडलवर ठेवा, मधूनमधून रेस द्या आणि टॉर्च लावून पाहा. सगळ्यांत वरचा ओला डाग ज्या जागी, गळती त्या जागी. चालू इंजिनवर हात फिरवून मात्र शोधू नका. नोझलच्या पाईपातली बारीक धार कातडीत शिरते आणि अशी जखम बाहेरून छोटी दिसली तरी थेट हॉस्पिटलची असते.

पंपाच्या आधी नोझलवरचे कापडी वेष्टनाचे बारीक रिटर्न पाईप तपासा. ते तडकले की डिझेल ओघळत पंपावर येतं आणि दोष पंपाच्या माथी बसतो. ते काही रुपयांत बदलतात.

सकाळच्या त्रासाचं कारण असं. इंजिन चालू असताना पंपाच्या पोटात काही बारचा दाब असतो, म्हणून डिझेल बाहेर येतं. इंजिन बंद झालं की दाब जातो, डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं आणि त्याच फटीतून हवा आत शिरते. पंपाच्या इनलेटआधी वीतभर पारदर्शक नळी बसवा. सुरू करताना तिच्यात बुडबुडे आले तर हवा टाकी ते पंप या लाईनमध्ये शिरतेय. फिल्टरचं पॅकिंग, पाण्याचा ड्रेन स्क्रू आणि प्रायमर बघा. डिझेल तुटत मागे सरकतंय पण आधी बुडबुडे नाहीत, तर हवा पंपातूनच येतेय.

टेस्टबेंच:
मागची बाजू ओली म्हणजे तीन जागा: वरचं झाकण, अ‍ॅक्सिलरेटर लिव्हरचा शाफ्ट, आणि अ‍ॅल्युमिनियम बॉडी व स्टीलचं हेड (पंपाचा मागचा भाग, जिथून नोझलचे पाईप निघतात) यांच्या सांध्यातली मोठी ओ-रिंग (रबरी कडं). शट-ऑफ सोलेनॉईडची (किल्ली बंद केली की डिझेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) छोटी ओ-रिंग चौथी, पण ती दोन मिनिटांचं काम आहे.

झाकण आणि लिव्हर गाडीवरच होतात. लिव्हर आणि शाफ्टवर पंचने खूण करा, कारण लिव्हर एक दात जरी सरकली तरी आयडल आणि फुल रेस दोन्ही बिघडतात. नट, लिव्हर, स्प्रिंग काढा. झाकणाचे चार स्क्रू सोडवा आणि झाकण वर घेताना शाफ्ट अंगठ्याने खाली दाबा. शाफ्ट आतल्या गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला जोडलेला असतो, तो आतच राहू द्या. नवी ओ-रिंग चढवताना शाफ्टच्या दातांवर टेप गुंडाळा, नाहीतर दातच ती कापतात. शाफ्ट झाकणाच्या भोकात हलवून बघा. भोक लांबट झालं असेल तर कितीही ओ-रिंगा घाला, महिनाभरात परत गळणार. तिथे बुश (धातूची बारीक नळी) मारावी लागते. स्क्रू 8 ते 10 न्यूटन-मीटर, अ‍ॅल्युमिनियमचे आटे आहेत, जोर नको. झाकणाच्या मागचा सील केलेला स्क्रू डिझेलच्या मात्रेचा आहे, त्याला हात लावू नका.

हेडची ओ-रिंग हा नाजूक प्रकार. चारही नोझल पाईप, सोलेनॉईडची वायर आणि पंपाचा मागचा ब्रॅकेट काढायचा. हेडचे चारही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सैल करायचे. आतल्या प्लंजरच्या स्प्रिंगा हेडला बाहेर ढकलतातच. साधारण 5 मिमी सरकून रिंग दिसली की थांबायचं, सगळे बोल्ट एकदम पूर्ण काढायचे नाहीत. एकाच वेळी एक बोल्ट काढून त्यावरून रिंग पार करायची, तो परत लावायचा, मग पुढचा. जुनी रिंग कापून काढा, खाच पुसा, नवी डिझेलात बुडवून बसवा, बोल्ट तिरके तिरके 10 ते 12 न्यूटन-मीटरला आवळा. या सगळ्या वेळात इंजिन अजिबात फिरता कामा नये.

पाना17:
हेडच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. हेड थोडं जास्त सरकलं किंवा वाकडं झालं तर गव्हर्नरच्या लिव्हरचं गोळीसारखं टोक प्लंजरवरच्या कॉलरच्या भोकातून निसटतं. बाहेरून काही कळत नाही. मग इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन थेट फुल रेसवर जातं. ज्याने हा पंप आतून पाहिलेला नाही त्याने हे काम डिझेल पंपाच्या लॅबमध्येच द्यावं. गाडीवर केलंच, तर पहिल्यांदा सुरू करण्याआधी सोलेनॉईडची वायर ओढल्यावर 'टक' आवाज येतो का ते बघा, आणि वरचा गिअर टाकून ब्रेकवर इंजिन बंद पाडायला माणूस स्टिअरिंगवर बसवा.

घाटवाट:
पावडर मारून पाहिलं. लिव्हरचा शाफ्ट आणि झाकणाचा मागचा कोपरा ओला झाला, हेडचा सांधा कोरडा. दोन शंका: इतकी वर्षं न गळलेला पंप आत्ता का गळतो? आणि झाकणाला सिलिकॉन लावलं तर?

टेस्टबेंच:
सिलिकॉन नको. आत दाबलेला भाग सुटतो, पंपात फिरतो आणि रिटर्नच्या बारीक छिद्रात अडकतो. कोरडं, नवं पॅकिंगच बसवा.

रबर जुनं होतंच, पण डिझेलही बदललंय. बीएस-4 (प्रदूषणाचे सरकारी निकष) मध्ये गंधक 50 पीपीएम होतं, एप्रिल 2020 पासून बीएस-6 चं 10 पीपीएमचं डिझेल देशभर मिळतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात. जुनं नायट्राईल रबर त्या घटकांमुळे फुगून घट्ट बसलेलं असतं. ते कमी झाले की आकसतं. म्हणून किट घेताना व्हायटॉनच्या (डिझेलला टिकणाऱ्या रबराच्या) रिंगा मागा आणि पंपाच्या पट्टीवरचा दहा आकडी नंबर दुकानात दाखवा, 'इंडिकाचं किट' एवढंच सांगू नका.

बँजो बोल्ट (नळ्या पंपाला जोडणारे पोकळ बोल्ट) काढलेत तर तांब्याचे वॉशर नवे घाला. 'आउट' लिहिलेल्या बोल्टमध्ये बारीक छिद्र असतं, इनलेटचा बोल्ट साधा. अदलाबदल झाली तर पंपाला डिझेल अपुरं पडतं आणि सगळे नोझलवर संशय घेत बसतात.

हवा काढायची पद्धत: प्रायमर घट्ट होईपर्यंत दाबा, नोझलकडचे चारही नट 17 च्या पान्याने दोन आटे सैल करा, अ‍ॅक्सिलरेटर दाबून एका वेळी 10-15 सेकंदच सेल मारा, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. ज्या पाईपातून डिझेल येईल तो आवळत जा.

पाना17:
एक राहिलं. झाकण काढलंच आहे तर टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला बोट लावून वास घ्या. तिथे डिझेल असेल तर पंपाचं पुढचं ऑईल सील गेलंय. त्याला पंप उतरवावाच लागतो. डिझेल प्यायलेला टायमिंग बेल्ट पुसून परत वापरू नका, तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पंप उतरवताना बॉडी आणि इंजिनच्या ब्रॅकेटवर खूण करा, आणि बसवल्यावर टायमिंग डायल गेजने बघून घ्या. नुसत्या खुणेवर किंवा आवाजावर सोडू नका. पंप फिरवणारा मुख्य शाफ्ट वर-खाली हलत असेल तर नुसतं सील टिकणार नाही, आधी बुश बदलायला सांगा.