बाहेर कामाला गेलेला मजूर शेतीतलं काही शिकून आणतो का?

प्रश्न:
मजुरांच्या स्थलांतराबद्दल जिथे बघावं तिथे पैशाचंच बोलणं, घरी किती पाठवले, कर्ज किती फिटलं. पण माणूस दोन-चार हंगाम दुसऱ्याच्या शेतात राबतो तेव्हा हात काहीतरी शिकतातच ना? त्याने कुठे खरंच उत्पादन वाढलंय का?

उत्तर १:
वाढलंय, घानाचा कोको बघा. टेटे क्वार्शी नावाचा लोहार पश्चिम आफ्रिकेजवळच्या फर्नांडो पो बेटावर कामाला गेला, तिथे कोकोच्या बागा बघितल्या आणि १८७० च्या दशकात बिया घेऊन परत आला. मिशनऱ्यांनी त्याच्या आधी कोको लावून बघितला होता, पण याच्या झाडांवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बी नेलं, मग ते शेतकरी नवीन जमिनी घेत पश्चिमेकडे सरकले तसं पीकही सरकलं, आणि १९११ पर्यंत तो देश (तेव्हाचा गोल्ड कोस्ट) कोकोत जगात पहिला!

उत्तर २:
जिथे जातात तिथेही देतात. १८७४ मध्ये रशियातून मेनोनाइट (हा एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबं अमेरिकेत कॅन्ससला गेली आणि टर्की नावाचा हिवाळी गहू सोबत नेला. ते मजूर नव्हते, शेतकरी होते, पण मुद्दा तोच. दाणा कडक म्हणून गिरणीवाले आधी नाकं मुरडायचे, नंतर तोच गहू तिथे सगळीकडे झाला.

उत्तर ३:
मी स्वतः पाच हंगाम रोपवाटिकेत होतो. कलम बांधणं तिथेच शिकलो, सालीखालचा हिरवा थर दोन्हीकडचा नीट जुळला पाहिजे, पातं धारदार आणि स्वच्छ पाहिजे, हे नुसतं ऐकून येत नाही, शंभर कलमं वाया घालवल्यावर हाताला कळतं. पण खत किती, पाणी कधी, हे आम्हाला कोणी सांगायचंच नाही, ते मालक आणि मुकादमात ठरायचं. त्यामुळे घरी आल्यावर कलमं धरली पण पाणी जास्त देऊन निम्मी घालवली. मजुराला एकच काम दाखवतात, पूर्ण पीक दाखवत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. शिवाय परतल्यावर करून बघायला थोडी तरी जमीन लागते, ज्याच्याकडे ती नाही त्याचं शिकलेलं तसंच राहतं.

प्रश्नकर्ता:
हे कुठेच वाचलं नव्हतं, धन्यवाद. उरलेल्या कलमांचं काय झालं?

उत्तर ३:
जगली. शेजारचे दोघं बघायला यायचे, आता स्वतःची स्वतः बांधतात आणि एकाचा हात तर माझ्यापेक्षा साफ आहे.