मदत हवी आहे: ठमीचा गुडघा, शुगर आणि स्टेम सेलचं इंजेक्शन (ठाणे)

नमस्कार. चार दिवस घरात दुसरा विषय नाही आणि दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या दिशा दाखवल्यात, म्हणून इथे विचारते आहे. थोडं मोठं आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ठमी आमची काळी लॅब्रडोर, नऊ वर्षांची, वजन ३४ किलो. तिची नसबंदी केलेली नाही. तिचं सगळं माझे बाबा बघतात. ते ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांना स्वतःला २२ वर्षांपासून डायबेटिस आहे.

गणपतीच्या सुमारास ठमी माजावर आली होती. त्यानंतर महिन्याभरात ती पाणी फार प्यायला लागली. बाथरूममधली अर्धी बादली रात्रीत संपायची. खाणं वाढलं आणि तरी पाठीची हाडं हाताला लागायला लागली. शेवटी बाबांच्याच लक्षात आलं: गॅलरीत तिने लघवी केली होती आणि तिथे मुंग्यांची रांग लागली होती. ते म्हणाले, "हिला माझा आजार झालाय." दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, साखर ४१२.

दिवाळीच्या आधी इन्सुलिन सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ १२ युनिट. साडेसातला बाबा आधी तिला टोचतात, मग स्वतःचं पेन काढतात. एकही वेळ चुकलेली नाही, मी शपथेवर सांगते. पोळी, तूप, मारी बिस्किट सगळं बंद आहे. आई तिच्यासाठी चिकन आणि दुधी वेगळा उकडते. तरीही साखर ३५०च्या खाली येईना. डॉक्टरांनी आकडा १४ केला, मग १६, आता १८ आहे. दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिन टेस्टही केली, तीही वाढलेलीच.

त्यात डिसेंबरमध्ये बेल वाजली म्हणून ती दाराकडे धावली आणि टाइल्सवर घसरली. तेव्हापासून मागचा उजवा पाय नुसती बोटं टेकवून ठेवते. बसते तेव्हा तो पाय बाजूला फेकते. डॉक्टरांनी तिला झोपवून गुडघा हातात धरला आणि नडगीचं हाड पुढे ओढून दाखवलं, खण बाहेर यावा तसं ते सरकलं. बघवलं नाही मला. गुडघ्यातलं क्रुशिएट लिगामेंट पूर्ण तुटलंय. टीपीएलओ नावाची शस्त्रक्रिया सांगितली आहे. पण सर्जन म्हणतात, साखर आटोक्यात येईपर्यंत हात लावणार नाही, जखमेत जंतुसंसर्ग होईल.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये गेलो. ते म्हणतात ऑपरेशनची गरजच नाही. पोटाची थोडी चरबी काढायची, त्यातून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, तयार करायच्या आणि गुडघ्यात इंजेक्शन द्यायचं, लिगामेंट परत तयार होईल. तिथल्या एकाने तर याने डायबेटिसलाही फरक पडतो असं सांगितलं. खर्च टीपीएलओच्या निम्मा. ह्याच आठवड्यात आगाऊ रक्कम भरा म्हणतात.

बाबांचा कल इंजेक्शनकडे आहे, कारण नऊ वर्षांच्या डायबेटिक कुत्रीला भूल द्यायची ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. मला ठरवता येत नाही. स्टेम सेल कुणी केल्या आहेत का? साखर खाली येत नसेल तर पुढे काय करतात? उगाच राहायला नको म्हणून लिहिते: इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात नाही, आत ठेवतो. हलवत नाही, तळहातात फिरवतो. सुरुवातीला लाल टोपणाच्या सुया दुकानात संपल्या होत्या, तेव्हापासून नारंगी टोपणाच्या आणतो. त्या बारीक आहेत, तिला टोचल्याचं कळतही नाही.

— ठमीची ताई


वाशीची पूर्वा: ताई, आमच्या रॉकीचं टीपीएलओ दोन वर्षांपूर्वी झालं. आज तो मिनी सीशोअरला तासभर चालतो. शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायचा तेव्हा होऊ दे, पण आजच घरभर रबराच्या मॅट घाला, निदान तिच्या झोपायच्या जागेपासून दारापर्यंत. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स ह्या कुत्र्यांच्या वैरी आहेत. जिना उतरवताना पोटाखालून जुना टॉवेल घाला आणि दोन्ही टोकं वर धरा, म्हणजे मागच्या पायांवर भार येत नाही. उड्या आणि पळापळ पूर्ण बंद, शू करायलाही पट्ट्यावरच.


माऊचे बाबा: थांबा. बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तुमचं शेवटचं वाक्य परत वाचा. नारंगी टोपण?

बाटलीवर काय छापलंय ते आत्ता बघा, ४० युनिट प्रति मिली की १००? आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४०चं येतं आणि त्याची सुई लाल टोपणाची असते. नारंगी टोपणाची सुई १००च्या इन्सुलिनसाठी असते. ४०च्या बाटलीतून नारंगी सुईने १८ च्या रेघेपर्यंत भरलं तर आत जातं ०.१८ मिली, म्हणजे साधारण ७ युनिट. तसं असेल तर ठमीला अडीच महिने निम्म्याहूनही कमी डोस जातोय आणि साखर उतरायची नाहीच.

आणि हे फार महत्त्वाचं: लाल सुई आणून लगेच १८ भरू नका. तो आकडा चुकीच्या सुईवर वाढत गेलेला आहे. एकदम अडीच पट डोस जाईल आणि साखर धोकादायक खाली येईल. आधी डॉक्टरांना फोन करा, नवा आकडा त्यांनीच सांगायचा. घरात मध किंवा ग्लुकोज ठेवा. ती लटपटली, थरथरली, भ्रमिष्टासारखी वागली तर हिरड्यांवर मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा. आमच्या मांजराच्या वेळी मी उलटी चूक केली होती, १००चं इन्सुलिन लाल सुईने भरलं होतं. ती रात्र मी विसरलेलो नाही.


ठमीची ताई: बाटलीवर ४० लिहिलंय. सुईवर १००.

हात थरथरत होता, त्यामुळे दोनदा वाचलं. बाबा गेली आठ-दहा वर्षं पेन वापरतात, त्यात नुसता आकडा फिरवायचा असतो, त्यामुळे त्यांच्याही ध्यानात आलं नाही. ते खुर्चीत बसून राहिलेत. "मी रोज टोचत होतो आणि ती उपाशीच होती," एवढंच बोलले. ठमी त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपली आहे.

डॉक्टरांना रात्री पावणेदहाला फोन लागला. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले सुई मी तपासायला हवी होती. उद्या सकाळी लाल सुया आणि बाटली घेऊन बोलावलंय. आकडा तिथेच ठरवून दिवसभर दर दोन तासांनी साखर बघणार आहेत. माऊचे बाबा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.


गोठ्यातला डॉक्टर: मी खारघरला असतो, निवृत्त पशुवैद्य. बहुतेक नोकरी गाईम्हशींत गेली, पण कुत्रीही पुष्कळ पाहिली. न तपासता सल्ला देण्याला मर्यादा असते, ती धरून लिहितो.

सुईचा प्रश्न सुटला हे मोठं काम झालं. पण ताई, तुमच्या पत्रात दुसरी एक गोष्ट दडली आहे. गणपतीत माजावर आली आणि महिन्याभरात तहान वाढली. हा योगायोग नसावा. माज संपल्यावर कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन दोनेक महिने चढं राहतं, मग ती गाभण असो वा नसो. त्या प्रोजेस्टेरॉनमुळे स्तनग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोन सुटतं आणि ते इन्सुलिनला दाद लागू देत नाही. म्हणून नसबंदी न झालेल्या मध्यमवयीन कुत्रीला डायबेटिस निघाला की नसबंदी हा उपचाराचाच भाग धरतात. काही कुत्र्यांची साखर लवकर नसबंदी केली तर इन्सुलिनशिवायही ताळ्यावर येते. ठमीला तीन महिने होऊन गेलेत, त्यामुळे त्या आशेवर राहू नका. पण मार्च-एप्रिलला पुढचा माज येईल आणि आत्ता बसवलेली घडी पुन्हा विस्कटेल, हे नक्की लक्षात ठेवा. शिवाय ह्या वयात गर्भाशयात पू होण्याची भीती असते, ती वेगळीच.

तेव्हा माझ्या मते क्रम असा: आधी साखर, मग नसबंदी, मग गुडघा. मध्ये लघवीचं कल्चर करून घ्या. डायबेटिक कुत्र्यांना बऱ्याचदा मूत्रमार्गाचा संसर्ग असतो आणि वरून दिसत नाही.

आता भूल. बाबांना सांगा, डायबेटिक कुत्र्यांना भूल देतात, नेहमी देतात. पहिला नंबर सकाळचा लावून घ्यायचा. त्या दिवशीचा इन्सुलिनचा डोस डॉक्टर कमी करून देतात, टेबलावर असताना थोड्या थोड्या वेळाने साखर बघतात, लागलं तर सलाइनमधून ग्लुकोज सोडतात. धोका आटोक्यात नसलेल्या साखरेत जास्त असतो. तुमचे सर्जन थांबले ते योग्यच केलं.

स्टेम सेलबद्दल. मी ह्या विषयाचा विरोधक नाही. घोड्यांच्या पायाच्या कंडरांसाठी (टेंडन) हे उपचार वीसेक वर्षं चाललेत. कुत्र्यांच्या संधिवातासाठी युरोपात २०२२ साली घोड्याच्या नाळेतल्या पेशींपासून केलेल्या इंजेक्शनला मान्यता मिळाली आहे. पण ती कशासाठी? सौम्य ते मध्यम संधिवाताची वेदना आणि लंगडणं कमी करण्यासाठी. तुटलेलं लिगामेंट जोडण्यासाठी नव्हे. ह्या पेशी सांध्यात जाऊन नवं लिगामेंट विणतात असं पूर्वी वाटायचं. ज्या आर्नल्ड कॅप्लान यांनी १९९१ साली त्यांना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव दिलं, त्यांनीच पुढे ते नाव बदला असं लिहिलं, कारण ह्या पेशी मुख्यतः आजूबाजूच्या पेशींना संदेश देऊन सूज उतरवतात असं दिसून आलं.

ठमीचा प्रश्न सुजेचा नंतर, आधी बांधणीचा आहे. कुत्र्याच्या नडगीचं वरचं टोक मागे उतरतं असतं, साधारण २५ अंशांचा उतार. पाय टेकला की मांडीचं हाड त्या उतारावरून घसरू बघतं आणि त्याला लिगामेंट धरून ठेवतं. ते तुटलं की प्रत्येक पावलाला हाड सरकतं आणि आतली गादी फाटते. टीपीएलओमध्ये नडगीचं टोक गोल करवतीने कापून फिरवतात, उतार ५-६ अंशांवर आणतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. मग लिगामेंट नसलं तरी हाड घसरत नाही. बार्कले स्लोकम यांनी १९९३ साली ही रीत मांडली. लहान कुत्री कधीकधी विश्रांतीवर निभावतात, ३४ किलोच्या लॅब्रडोरकडून ती अपेक्षा धरू नये. इंजेक्शनने दुखणं काही महिने कमी होईलही, पण हाड सरकत राहील.

चरबी काढायलाही भूल लागते, हे बाबांना कुणी सांगितलं का? आणि इंजेक्शनने डायबेटिस आटोक्यात येईल असं जो म्हणतो, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका. कुत्र्यांचा डायबेटिस बहुतांशी इन्सुलिन न बनण्याचा असतो, त्याला आज इन्सुलिनच.

वेदनेच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्याच द्या. माणसांची आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक चुकूनही नाही. आणि कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर ठाम नाही म्हणा, साखर उसळेल. दुसरं मत हवं असेल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १८८६ सालचं आहे, माझ्या पिढीतले कितीतरी जण तिथेच घडले. एक्स-रे आणि साखरेची वही घेऊन जा.

डोळ्यांकडेही लक्ष ठेवा. डायबेटिक कुत्र्यांना मोतीबिंदू फार लवकर होतो.

बाबांसाठी एक. १८८९ साली स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचा स्वादुपिंड काढला, तेव्हा डायबेटिसचं मूळ कुठे आहे ते प्रथम कळलं. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं तेही कुत्र्यांवर, आणि पुढच्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला दिलं. बाबांच्या पेनात जे आहे ते आधी ठमीच्या जातभाईंनी सोसलेलं आहे. त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. अडीच महिने एकही वेळ न चुकवणारा माणूस मी क्वचित पाहिला.


ठमीची ताई: डॉक्टर, तुमचं उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद त्यांनी परत वाचायला लावला.

साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे. लाल सुईवर डॉक्टरांनी १० युनिटपासून सुरुवात केली, आता १२ वर स्थिर आहे. दिवसभरातली साखर १२० ते २४० मध्ये राहते. बादली आता सकाळीही भरलेली असते. लघवीत संसर्ग निघाला, त्याचं औषध पूर्ण झालं. गेल्या मंगळवारी नसबंदी झाली. सकाळचा पहिला नंबर होता, दुपारी चारला तिने शेपटी हलवली. टाके कोरडे आहेत. त्या दुसऱ्या क्लिनिकला नाही कळवलं. गुडघ्यासाठी सर्जनने आता होकार दिलाय, महिनाअखेरीची तारीख आहे. बाबांनी बाटलीवर लाल धागा बांधलाय आणि नारंगी सुया औषधवाल्याला परत नेऊन दिल्या, त्याला समजावूनही आले.

आता प्रश्न जिन्याचा आहे. ऑपरेशननंतर आठ ते बारा आठवडे तिला चढ-उतार करू द्यायचा नाही. सध्या शेजारची दोन मुलं चादरीची झोळी करून उतरवतात, पण ती दोघं सकाळी कॉलेजला जातात. वर्तकनगर, लोकमान्यनगर, शिवाईनगर भागात कुणाकडे मोठ्या कुत्र्याचं स्ट्रेचर किंवा मागच्या पायांची उचलायची पट्टी पडून असेल तर कृपया कळवा. भाड्याने किंवा विकत, कशीही चालेल. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.