मदत हवी आहे : सोलरचे जुने पॅनेल पुन्हा चढवू की भंगारात देऊ?

नमस्कार मंडळी,

कराडला आमचं दुमजली घर आहे. सासऱ्यांनी 2006 साली गच्चीवर पाणी तापवायचा 200 लिटरचा सोलर बसवला होता, सपाट काचेचे दोन पॅनेल. यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं म्हणून सगळं खाली उतरवलं. टाकी बुडातून गंजलेली निघाली, ती गेलीच. पॅनेलचं काय करायचं ते ठरत नाहीये.

काचा दोन्ही शाबूत आहेत. एका पॅनेलचं रबर चिरलंय, त्याच्या काचेवर सकाळी आतून बाष्प धरतं. आतल्या पत्र्याचा काळा रंगही खालच्या बाजूला फिका पडलाय. रबर बदलता येईल. मला खरी काळजी आतल्या नळ्यांची आहे.

पूर्वी सोलरला नगरपालिकेचंच पाणी होतं. गेली सहा वर्षं बोअरचं पाणीही त्याच टाकीत चढतं आणि ते इतकं जड आहे की पातेल्याला पांढरा थर बसतो. गेले दोन हिवाळे पाणी जेमतेम कोमट यायचं. दोष क्षारांचा, उडालेल्या रंगाचा की गंजक्या टाकीचा, हे मला कळायला हवंय. खालून पाइप लावून पाणी सोडलं तर वरून व्यवस्थित आलं, पण त्यावर माझा विश्वास नाही. नऊ उभ्या नळ्यांतल्या दोन तुंबल्या तरी उरलेल्या सातांतून पाणी येणारच. आता काच काढून पॅनेल उन्हात तापवायचा आणि मग गार पाणी सोडायचं असं डोक्यात आहे. जी नळी गरमच राहील ती तुंबलेली. हे बरोबर आहे का?

प्लंबर म्हणतात, ॲसिड फिरवून साफ करू. वीस वर्षांच्या तांब्याला आणि त्याच्या सांध्यांना ते झेपेल? त्याऐवजी सायट्रिक ॲसिड कोणी वापरलंय का? किती पाण्यात किती, आणि किती वेळ ठेवलं?

दुकानदार काचेच्या नळ्यांचा नवा सेटच घ्या म्हणतात. माझा कल मात्र पॅनेल ठेवून फक्त टाकी नवी घेण्याकडे आहे, तीही आत कॉइल (पाण्याच्या नळीचं वेटोळं) असलेली. म्हणजे पॅनेलमध्ये तेच ते पाणी फिरत राहील, वापरायचं पाणी त्यात मिसळणार नाही आणि नवा थर धरणार नाही. पण टाकीवर पैसे घातल्यावर महिनाभरात पॅनेल गळायला लागला तर? 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला सव्वानऊ युनिट वीज लागते. रोज तेवढा गीझर चालवणं आम्हाला परवडणार नाही, आणि सासूबाईंना सांधेदुखीमुळे बारा महिने कढत पाणी लागतं.

पंधरा-वीस वर्षांचे पॅनेल नव्या टाकीला कोणी जोडलेत का? पुढे किती वर्षं चालले? आणि कराड-सातारा भागात पॅनेलची प्रेशर टेस्ट करून देणारं कोणी माहीत असेल तर कृपया सांगा. तांब्यासाठी भंगारवाले दोनदा येऊन गेलेत, रविवारपर्यंत थांबा म्हटलंय.